थंड मोजलेला कंडेन्सर

“गरम केल्याशिवाय एकही कंडेन्सर हातातून सोडू नकोस हं,” असं बाबांनी बजावलं, तेव्हा ती लेकीच्या तोंडातून पितळी वॉशर काढत होती. “हो बाबा,” ती म्हणाली. माणूस तोंडाने ‘हो’ म्हणतो आणि कानापर्यंत काही पोचलेलं नसतं, तसला तो हो. बाबांना तो सूर पक्का ओळखू येत असे. “हो काय हो? काय म्हणालो मी?” “गरम करायचं. कळलं. तुम्ही आधी चहा प्या, त्यावर साय धरली.”

दुकान बाबांचं. जुन्या इंजिनांचे सुटे भाग मिळायचं ते त्या भागातलं शेवटचं ठिकाण. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, होड्यांच्या मोटारी, घरगुती जनरेटर अशी सगळी म्हातारी मंडळी तिथे दुरुस्तीला यायची. ज्या कारखान्यांनी त्यांना जन्म दिला ते कधीच बंद पडलेले, पण यंत्रं मात्र हट्टाने जगत होती. बाबांनी चाळीस वर्षं त्यांची नाडी पाहिली. मग एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्यावर धुकं चढलं, आणि बाबा काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसून बोटांनी वस्तू ओळखू लागले. ती बाळंतपणाला म्हणून आली होती. नवऱ्याची नोकरी लांबच्या गावी, तिथे भाड्याच्या खोलीत ओल. म्हणून आणखी महिनाभर, मग आणखी महिनाभर असं करता करता काउंटर तिच्याच गळ्यात पडलं. भौतिकशास्त्रातली पदवी होती तिची. बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, “आता काय, प्रोफेसरीणबाई बसतात दुकानात. मी आपला शिपाई.”

कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी पत्र्याची डबी, शेपटासारखी एक वायर बाहेर आलेली. जुन्या इंजिनात पॉइंट म्हणून दोन छोटे टेकू असतात. ते उघडले की प्लगवर ठिणगी पडायची असते. पण वीज मोठी आगाऊ, ती त्या पॉइंटच्या फटीतच उडी मारायला बघते. तिला त्या क्षणी गिळून धरायचं काम कंडेन्सरचं. त्याने ते केलं नाही, तर पॉइंट जळतात, प्लगवरची ठिणगी मरतुकडी होते आणि इंजिन बसतं.

तो निवडायचा कसा, हे तिने आठवड्यात आत्मसात केलं. क्षमता किती हवी, वायर किती लांब, पकडपट्टी कुठल्या बाजूला. क्षमता चुकली की एका पॉइंटवरचा धातू उडून दुसऱ्यावर जमा होतो. इकडे खड्डा, तिकडे टेकडी. खड्डा कुठल्या बाजूला पडला यावरून कंडेन्सर मोठा होता की लहान हे सांगता येतं, हे तिला फार आवडलं होतं. वहीत तिने त्याची आकृतीसुद्धा काढून ठेवली होती.

गरम करायची गोष्ट मात्र वहीत बसणारी नव्हती. बाबांकडे एक बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा होता, आत साठ वॉटचा बल्ब. त्यात कंडेन्सर तासभर ठेवायचा, इंजिनाशेजारी तापतो तेवढा तापू द्यायचा, आणि मग जास्त दाबाची वीज देऊन जुन्या मीटरचा काटा बघायचा. आत मेणकागदाची गुंडाळी असते. वर्षानुवर्षं पेटीत पडून तिने कुठे दमट हवा ओढून घेतली असेल, तर थंड असताना डबी साळसूद बसते आणि तापली की गळायला लागते. “इंजिन तापून काम करणार,” बाबा म्हणत, “मग ह्याची परीक्षा सावलीत बसवून कशाला घ्यायची?”

पण तिची लेक ठमी धरून उभी राहायला लागली. दहा महिन्यांची, गुबगुबीत, आणि चकाकत्या वस्तूवर डोळा. एका सकाळी ती खुर्चीला धरून उठली आणि काउंटरवरच्या त्या डब्यावर तिने हात ठेवला. एक बोट, तेही टोकाला. ठमी रडली त्याच्या दुप्पट तिची आई किंचाळली. पुढचे तीन दिवस ती त्या बोटावरचा लाल ठिपका उजेडात धरून बघत राहिली. डबा माळ्यावर गेला. “हिला कळायला लागलं की काढू,” ती म्हणाली. बाबा “अगं पण” म्हणाले, तेवढ्यात फोन वाजला. शिवाय तिच्याकडे नवं मीटर होतं, दोन टोकं लावली की लगेच आकडा दाखवणारं. आकडा बरोबर म्हणजे वस्तू बरोबर, इतकं तरी कॉलेजने शिकवलं होतंच की.

टोपीवाले आजोबा आले ते एका मंगळवारी, बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते तेव्हा. उकाड्यातही कानावर ओढलेली लोकरीची करडी टोपी, हातात रुमालाची पुरचुंडी. पुरचुंडीत जळके पॉइंट आणि फुगलेला कंडेन्सर. त्यांनी ते काउंटरवर असे मांडले, जसे काही कुणाचे दात आहेत.

“जनरेटरचे आहेत, पोरी. नवा घातला होता बाजारातला, महिन्यात दगा दिला. तुमच्याकडे म्हणे जुना सीलबंद माल आहे.”

“आहे ना. मेणात बुडवलेला, वरचा कागदही फाडलेला नाही. पण आजोबा, हल्ली तो प्लास्टिकच्या पडद्याचा मिळतो, रेडिओत असतो तसला. तो तापून बिघडत नाही. वेगळा बसवावा लागेल एवढंच.” तिने खणातून दाखवला.

त्यांनी तो चिमटीत धरून उलटासुलटा केला. “हा? हे तर सदऱ्याचं बटण आहे. माझं इंजिन हसेल मला.”

तिलाही हसू आलं. “बरं, जुना देते. कशाला लागतो जनरेटर?”

“हिला मशीन आहे श्वासाचं. झोपून असते, नाकाला नळी. लाइट गेली की छोटा सिलिंडर लावतो, तो अर्धा तास पुरतो. तेवढ्यात मी मागे जाऊन इंजिन चालू करतो. एका दोरीत, एकदाच ओढली की, चालू होतं हां! बायकोपेक्षा जास्त ऐकतं माझं.” मग म्हणाले, “ती आता काही बोलतच नाही म्हणा, त्यामुळे ही तुलना काही खरी नाही.”

त्या वेळी ठमी मागे कुरकुरू लागली होती. टेबलाच्या कोपऱ्यापासून तिचं कपाळ वीतभर लांब होतं. तिने एका हाताने ठमीचं झबलं धरलं आणि दुसऱ्या हाताने पेटीतला कंडेन्सर काढून मीटरला लावला. आकडा आला शून्य पॉइंट बावीस. हवी तेवढीच क्षमता. तिने मीटर त्यांच्याकडे वळवलं. ते वाकून आकडा बघत राहिले, समाधानाने.

“शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं,” ते म्हणाले. “उगाच अंदाजपंचे नाही.”

जाताना त्यांनी ठमीपुढे टोपी उचलली. “येतो ठमाबाई. आईला त्रास देत जा, गप्प बसलीस की ती घाबरेल.” मग रस्ता ओलांडून ते पुलाच्या दिशेने गेले. कुठे राहता, फोन काय, हे तिने विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारीच, मैदानावरचा माळी दुकानात आला. येताना दारातूनच सुरू झाला.

“ताई, तुमचा कंडेन्सर नाटकी आहे बघा. सकाळी राजासारखा चालतो, वीस मिनिटांत झोपतो. हात लावला तर चटका. थंड होऊ दिला की परत राजा. अर्धं मैदान कापलंय, अर्धं तसंच. लोक विचारतात, न्हावी मध्येच पळाला काय!”

बाबांनी मान वर केली. “गरम करून दिला होतास?”

ती काउंटर पुसायला लागली.

“मी काय विचारतोय?”

“नाही.”

“हाच एक, की…?”

“डबा माळ्यावर आहे, बाबा. ठमीचं बोट भाजल्यापासून.”

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “काढ खाली.” माळ्यानेच शिडी धरली. पेटीत नऊ कंडेन्सर उरले होते. नऊच्या नऊ डब्यात गेले, तासभर माळी आपल्या साहेबाच्या नकला करून बघत होता. मग ती एकेक काढून बाबांच्या जुन्या मीटरला लावू लागली, आणि बाबांना काटा दिसत नव्हता म्हणून तोंडाने सांगू लागली. गळतोय. गळतोय. हा ठीक. गळतोय. नवांतले सात गेले. थंड असताना सातही जणांनी पॉइंट बावीसच्या आसपासचा आकडा हसतमुखाने दाखवला होता.

“ह्या पेटीतले विकलेस किती?”

“चार.” ती बोटं मोजत म्हणाली. “एक ह्यांना. एक पंपवाल्यांना. होडीवाल्या दादांना एक.”

पंपवाल्याने फोन उचलला. त्याने अजून बसवलाच नव्हता. होडीवाला हसला, “अहो ताई, रविवारी मधेच बंद पडली, वल्हवत आलो. बायको म्हणाली, व्यायाम झाला तेवढाच. येतो बदलायला.” तिने फोन ठेवला, पण हात त्यावरच राहिला.

“चौथा?” बाबांनी विचारलं.

“टोपीवाले एक आजोबा होते. जनरेटरला हवा होता.”

“कशाला लागतो त्यांना जनरेटर?”

तिने सांगितलं. सांगताना ‘नळी’ हा शब्द तिला दोनदा म्हणावा लागला.

माळी ओशाळून टोपली उचलत होता. “परवा तर तिकडे, पुलापलीकडे, दिवसभर लाइट नाही. नऊ ते सहा. तारा बदलणारेत. आमचं मैदानही तिकडेच, त्यांच्या गाड्या तिथे लागणार, म्हणूनच कापणी घाईत उरकायची होती.”

बुधवारचा दिवस फोनवर गेला. वीज कार्यालयातला माणूस म्हणाला, मशीनवर असलेल्या पेशंटची यादी आमच्याकडे नसते, आणि काम पुढे ढकलायचं तर अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. श्वासाची मशीनं भाड्याने देणाऱ्या दुकानातली मुलगी गोड बोलली, पण, “पेशंटचा पत्ता आम्ही देत नाही हो ताई. तुम्ही नाव सांगा, मी निरोप देते.” नाव! नाव असतं तर काय हवं होतं? “म्हातारे आहेत,” ती म्हणाली, “बायको झोपून असते.” मुलगी म्हणाली, “ताई, आमच्याकडे सगळे असेच असतात.”

गुरुवारी सकाळी तिने दोन तपासलेले कंडेन्सर, पाना, स्क्रूड्रायव्हर असं पिशवीत भरलं आणि ठमीला झोळीत छातीशी बांधलं. बाबा आंघोळ करून आधीच दाराशी स्टूल मांडून बसले होते. “मी येऊन तुझ्या पायात पायच घालणार. त्यापेक्षा इथे बसतो. तो टोपीवाला तक्रार घेऊन आला तर कुणी हवं ना.” मग ती पायरी उतरल्यावर म्हणाले, “फळी मी करून द्यायला हवी होती. डबा उंचावर ठेवायला. भिंतीला भोक पाडायला पाच मिनिटं लागली असती.”

पुलापलीकडची वस्ती दाटीची, चढ-उताराची, एकाला एक चिकटलेल्या दुमजली घरांची. मागच्या बाजूला प्रत्येकाची वीतभर जागा आणि त्यात पत्र्याचं काहीतरी. औषधवाल्याने खांदे उडवले, “टोपीवाले? अहो, इथे सर्दी झालेला प्रत्येक माणूस टोपीवाला.” पोस्टमन भेटला, पण तो बदलीवर आलेला, स्वतःच पाट्या वाचत फिरत होता. एका खिडकीतून बाई म्हणाली, “नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही, आणि लेकरू घेऊन शोधतेस कुणाला? पैसे बुडवलेत का त्यांनी तुझे?”

“नाही हो मावशी. चूक माझीच झालीये.”

“मग तर ते तुला शोधत येतील,” असं म्हणून बाईने खिडकी लावली.

नऊ वाजता कुठल्यातरी दुकानातला फ्रीज थरथरून गप्प झाला. मग शेजारचा. रस्ता एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला. ती चौकात उभी राहिली, कान टवकारून. पाच मिनिटांनी एक जनरेटर सुरू झाला. नवा, मऊ आवाजाचा, दातांच्या दवाखान्याचा. मग दुसरा, तसलाच. आणि मग वरच्या अंगाला कुठेतरी तिसरा. जाडा, जुना, ठोके स्वच्छ मोजता येतील असा आवाज. लहानपणापासून असल्या आवाजांवर ती झोपली होती. एका दोरीत चालू झालं होतं.

ती चढावर धावली. पण घरं इतकी दाट की आवाज भिंतींवर आपटून चहूकडून यायचा. डावीकडे वळलं की उजवीकडे वाटायचा. एका गल्लीच्या टोकाला भिंतच निघाली. परत फिरली. ठमीला ऊन लागलं, ती रडायला लागली, आणि तिच्या रडण्यात ठोके बुडून जाऊ लागले. तेव्हा तिने लेकीच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट ठेवला. क्षणभरच, पण ठेवला. ठमीचे डोळे मोठे झाले. तिने हात काढला तोवर आवाज बदलला होता. एक ठोका गळत होता. मग दोन. इंजिन खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं, आणि बंद पडलं.

घड्याळात नऊ सव्वीस झाले होते. अर्ध्या तासाचा सिलिंडर. सुरुवातीच्या पाच मिनिटांत तोही थोडा वापरला गेला असेल.

“आजोबा!” ती ओरडली. “टोपीवाले आजोबा! जनरेटरवाले!” दोन-तीन दारं उघडली. कुणी म्हणालं, खालच्या आळीत विचारा. कुणी म्हणालं, इथे एकटे म्हातारे पुष्कळ आहेत, आम्ही कुणाच्या मध्ये पडत नाही. ती दारं वाजवत सुटली. एका दारात बहिरी आजी, एकात कुत्रा, पुष्कळ दारांत कुलूप. पावणेदहाच्या सुमारास इंजिन पुन्हा लागलं. थोडं निवलं असणार ते. ह्या वेळी ती अजिबात धावली नाही, जागीच फिरून फिरून दिशा घेत राहिली, डोळे मिटून, तोंडाने “शू, शू, माझी बाय” म्हणत. अकरा मिनिटं चाललं. त्यात तिने आवाज दोन गल्ल्यांपर्यंत आणून ठेवला. आणखी थोडं चालायला हवं होतं. फार नाही.

तिसऱ्यांदा ते सात मिनिटं चाललं. मग दोरी ओढल्याचा आवाज आला. तो तिला खात्रीने आला, निदान ती तसं म्हणते. चार वेळा, पाच वेळा, प्रत्येक ओढ आधीपेक्षा हळू. त्यानंतर काही आलं नाही.

त्या दोन गल्ल्यांमधली छत्तीस घरं तिने संध्याकाळपर्यंत वाजवली. एकोणीस उघडली. सहा वाजता दिवे आले, फ्रीज पुन्हा घुमू लागले, पोरं टीव्हीपुढे पळाली. दुकानाशी ती परतली तेव्हा बाबा दारातच होते, उन्हाने एक गाल लाल झालेला. “कुणी नाही आलं,” ते म्हणाले. ती तपासलेले दोन कंडेन्सर काउंटरवर ठेवून आत गेली आणि ठमीला न्हाऊ घालायला लागली, कारण ते तर करायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्र घेऊन बसली. निधनवार्तांचं पान उघडलं आणि तशीच बघत राहिली. वाचायचं काय? नाव कुठे माहीत होतं? त्यात चार वृद्ध स्त्रिया होत्या. कुठल्याही फोटोत नळी नव्हती.

मग तिने त्या गल्ल्यांत चिठ्ठ्या चिकटवल्या. पावसाने त्या उतरल्या, पुन्हा चिकटवल्या. बंद राहिलेल्या सतरा दारांपैकी अकरा नंतर उघडली, तिथे ते नव्हते. सहा अजून बंद आहेत. त्यातल्या एकाच्या मागे पत्र्याची शेड आहे आणि शेडला बाहेरून कडी. शेजारी म्हणतात, मुलगा घेऊन गेला असेल दोघांना. कुणी म्हणतं, तिथे वर्षभर कुणी नाही. बाबा रोज विचारतात, “आला का गं तो?” गिऱ्हाइकाने माल परत आणावा म्हणून माणसाने असं डोळे लावून बसावं, हे चाळीस वर्षांत त्या दुकानात कधी घडलं नव्हतं. आणि ठमी कधी दुपारी जरा जास्त वेळ शांत झोपली, की ती हातातलं टाकून पळत जाते आणि तिच्या नाकापुढे बोट धरते.

आता तिच्याकडे शोधायला काही उरलेलं नाही, म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच विचारायचं. तुम्ही कुठे राहता हे तिला ठाऊक नाही, पण मुलगा घेऊन गेला असेल तर ते आजोबा आणि त्यांची बायको कुठेही असतील. तुमच्या शेजारी कुणी म्हातारं माणूस आजारी जोडीदाराला एकट्याने सांभाळत असेल, मागे जुनं इंजिन असेल, आणि ते हल्ली ऐकू येत नसेल, तर घरातून उठा आणि जाऊन बघा. खिडकी लागली म्हणून परत फिरू नका. दार उघडेपर्यंत वाजवा, आत कोण कोण आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि काय दिसलं ते तिला कळवा. वाईट असलं तरी कळवा. आजच जाल ना?